डॉकिंग स्कोअर -९.५ आला म्हणजे रेणू चांगला?

वर कुणीतरी लिहिलंय की व्हिनात (औषधाचा रेणू प्रथिनात कसा आणि किती घट्ट बसेल याचा अंदाज देणारा, म्हणजे डॉकिंगचा, प्रोग्रॅम; स्कोअर जितका जास्त ऋण तितकं बंधन घट्ट) -९.५ किलोकॅलरी/मोल आलेला रेणू -८.७ वाल्यापेक्षा नक्कीच सरस. हे पटत नाही. खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दहापट फरक. व्हिनाची स्वतःची चूकच त्याहून मोठी असते. ०.८ च्या फरकावर क्रम लावू नका.

त्याआधी रीडॉकिंग करा. नागपुरात एम.फार्म.च्या प्रोजेक्टला साधा डेस्कटॉपही त्याला पुरतो. एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएझ या एन्झाइमची प्रोटीन डेटा बँकेतली १एचएसजी ही रचना घ्या, तिच्यात बसलेलं इंडिनाविर हे औषध बाहेर काढा, त्याची ३डी रचना नव्याने बनवा आणि परत डॉक करा. मूळ जागेपासून आरएमएसडी (अणूंच्या जागांमधला सरासरी फरक) २ अँगस्ट्रॉमच्या आत यायला हवा. इंडिनाविरमधलं पायपरझिनचं कडं व्हिना वळवत नाही, म्हणून ते सुरुवातीलाच चुकीच्या आकारात असेल तर पुढचं सगळं वाकडंच जातं.

आणि 'सगळं पाणी डिलीट करा' हा ट्युटोरियलमधला सल्ला इथे फार नडतो. प्रोटिएझच्या दोन साखळ्यांमधली आयसोल्यूसिन-५० ही दोन्ही अमिनो आम्लं आणि औषध यांना जोडणारा पाण्याचा एक रेणू या रचनेत आहे, तो ठेवाच. दोन अ‍ॅस्पार्टेट-२५ पैकी एकावर प्रोटॉनही द्या. बरेच जण दोन्ही तसेच ऋणभारित सोडतात.