ऑइल हीटरने वीज वाचते का?

प्रश्न असा, की दहा बाय दहाच्या खोलीला ऑइल हीटर (आत तेल भरलेला, ते तापवून ऊब देणारा) ब्लोअरपेक्षा (पंख्याने गरम हवा फेकणाऱ्या हीटरपेक्षा) कमी वीज खातो का. नाही खात. २००० वॅटचा कुठलाही हीटर सलग तासभर चालला की २ युनिट गेलेच, आणि उष्णताही तेवढीच मिळते. तेलाचा फायदा इतकाच की गरम हवा अंगावर भणाणत नाही, आवाज नाही, बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब राहते. रात्रभर झोपायच्या खोलीत थर्मोस्टॅटवाला, म्हणजे खोली हवी तेवढी तापली की आपोआप बंद होणारा, ऑइल हीटर उत्तम.

पण आमच्या निफाडकडे थंडी बोचते ती पहाटे आणि रात्री जेवणानंतर. तेवढ्यासाठी अख्खी खोली कशाला तापवायची? आईच्या खुर्चीजवळ ८०० वॅटचा क्वार्ट्झ हीटर (लाल तापणाऱ्या नळ्यांचा, समोरच्याला थेट ऊब देणारा) लावतो. रोज दोन तास म्हणजे महिन्याला ४८ युनिट. २००० वॅटला १२० झाले असते. शंभर युनिटांपुढे दर केवढा चढतो ते बिलात दिसतंच.

आधी दाराखालची फट जुन्या चादरीने बुजवा, फरक लगेच जाणवेल. २००० वॅटचा घेतलात तर १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर अजिबात नको.

आणि कोळशाची शेगडी बंद खोलीत नकोच, कृपा करून. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.