दिवाळी पहाट रेडिओवर : पुण्यात कुठे ऐकायला मिळेल?

मदत हवी आहे. आमचं नेहमीचं खासगी एफएम स्टेशन मराठी सोडून पूर्ण हिंदीवर गेलंय. गणपतीत जेमतेम आरती लावली, की लगेच रिमिक्स. दिवाळीत काय दिवे लावणार ते दिसतंच आहे! सासूबाईंना नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाच्या वेळी सनई, भक्तिगीतं आणि कीर्तन रेडिओवरच हवं. यूट्यूब लावून पाहिलं, पण मध्येच जाहिरात आली की उटण्याच्या हातांनी फोन कोण धरणार? स्टेशनला मेसेज केला, उत्तर नाही. आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लावलं तर लिफ्टशेजारच्या आमच्या फ्लॅटमध्ये नुसती खरखर. आकाशवाणीचं न्यूजऑनएअर अ‍ॅप चालेल, नेट बरं आहे. त्या दिवशी पुणे केंद्राची सकाळची सभा (म्हणजे सकाळचं प्रसारण) नेहमीपेक्षा लवकर सुरू होते का, आणि कीर्तन अ‍ॅपवरही लागतं का?