बंदरावर उतरलेले विमानांचे आणि रॉकेटचे महाकाय भाग आतल्या कारखान्यापर्यंत रस्त्याने न्यावेत का?

किनारपट्टी (धागाकर्ता)

परवा येथील एका सदस्याने ठामपणे लिहिले की, विमानाचा किंवा रॉकेटचा कितीही मोठा भाग बंदरावर उतरला की पुढचा प्रवास हा केवळ पैसा आणि परवानगी यांचा प्रश्न उरतो, आणि एखाद्या रात्री रस्ता बंद राहिला म्हणून रस्त्यालगतच्या लोकांनी तक्रार करणे म्हणजे उद्योगाच्या वाटेत आडवे येणे होय. त्या धाग्यावर दोन ओळींत उत्तर देऊन माझे समाधान झाले नसते, म्हणून हा वेगळा धागा काढत आहे.

एअरबसच्या ए३८० या महाकाय दुमजली प्रवासी विमानाचे उदाहरण घ्या. धडाचे तीन भाग, दोन पंख आणि शेपटीचा आडवा भाग रो-रो जहाजाने (ज्यात माल चाकांवरून थेट आत-बाहेर नेता येतो) फ्रान्सच्या पोयाक बंदरात येत असत; तेथून बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीत, घालून, भरती-ओहोटीची वेळ साधत, बोर्दोच्या जुन्या दगडी पुलाखालून ते गारोन नदीने लांगोंपर्यंत नेले जात; आणि तेथून तुलूजपर्यंत सुमारे २४० किलोमीटर अंतर ट्रेलरचा ताफा रात्रीच्या वेळी कापत असे. या मार्गासाठी रस्ते रुंद केले, गावांना वळसे घातले, आणि लेविन्याक या लहानशा गावात तर भिंती आणि ट्रेलर यांच्यामध्ये अगदी थोडी जागा उरत असे. पहिला ताफा २००४ साली गेला आणि शेवटचा जून २०२० मध्ये. अवघी २५१ विमाने ग्राहकांना देऊन उत्पादन थांबले. एवढ्या मोठ्या प्रदेशाचे रस्ते एका विमानाच्या मापाने घडवले गेले आणि त्या विमानाचे उत्पादन सोळा-सतरा वर्षांत संपले, हा केवळ पैशाचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

याच कंपनीने अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मोबील येथे २०१५ साली ए३२० या लहान विमानाची जोडणी सुरू केली, तेव्हा कारखाना बंदराच्या अगदी जवळ ठेवला. जर्मनीतील हॅम्बुर्गहून जहाजाने आलेल्या भागांना थोडेसेच अंतर रस्त्याने जावे लागते. स्पेसएक्सच्या स्टारशिप रॉकेटचा व्यास नऊ मीटर आहे आणि ते उड्डाणस्थळाजवळ, समुद्रकिनारीच बांधले जाते. जो भाग रस्त्यात मावत नाही, त्याचा कारखाना पाण्याजवळ असावा, हे तत्त्व मान्य करायला एवढी अडचण का वाटावी?

जोडणीशाळा

किनारपट्टी, आपला लेख अभ्यासपूर्ण आहे, परंतु त्यातील मूळ गृहीतक मला अजिबात मान्य नाही. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड नव्हे की ती उचलून किनाऱ्यावर ठेवता येईल. तुलूजमध्ये १९६९ साली काँकर्ड हे ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमान प्रथम उडाले. तेथे पिढ्यान्‌पिढ्या रिव्हेट मारणारे, जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) लावणारे आणि चाचण्या घेणारे हात तयार झालेले आहेत. ते हात जहाजाने येत नाहीत.

आणि पाण्याजवळ जाण्याची किंमत नसते असे आपण सुचवता, ते तर सरळ चूक आहे. हॅम्बुर्गचा कारखाना एल्ब नदीकाठीच आहे, आणि त्याच ए३८० साठी तो वाढवताना म्युलेनबर्गर लोख या भरती-ओहोटीच्या पाणथळ जागेचा काही भाग भराव घालून बुजवावा लागला. पक्ष्यांसाठी राखलेली ती जागा होती. तेथील लोकांनी न्यायालयापर्यंत लढा दिला. रस्त्यावरचा ताफा निदान पहाटे निघून जातो. बुजवलेली खाडी परत येत नाही.

राहिला मालाच्या सुरक्षिततेचा प्रश्न. मी ज्या जोडणी विभागात काम केले, तेथे रस्त्याने आलेले भाग क्वचितच बिघडलेले निघाले. योग्य क्रेडलमध्ये (भाग ठेवण्याच्या चौकटीत) भाग तीनच आधारांवर टेकवलेला असतो, त्यामुळे खाली ट्रेलर कितीही पिळला तरी तो पीळ भागापर्यंत पोहोचत नाही. आम्हाला सर्वांत मोठे नुकसान सोसावे लागले ते बंदरावर, क्रेनने उतरवताना, जेव्हा एका स्लिंगची (उचलण्याच्या पट्ट्याची) लांबी चुकीची निवडली गेली. धक्का नोंदवणाऱ्या यंत्राचा आलेख पाहिल्यावर पुढचे काही महिने केवळ तपासण्यांमध्ये गेले. म्हणून रस्त्याला दोष देण्यापूर्वी बंदराकडे पाहावे.

मोजपट्टी

दोन्ही बाजूंनी लिहिणाऱ्यांनी ट्रेलरच्या पुढे चालत जाऊन मार्ग मोजलेला दिसत नाही, हे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. मी बराच काळ ओडीसी, म्हणजे नेहमीच्या मापाबाहेरच्या, मालासाठी मार्ग-सर्वेक्षण केले आहे. ट्रान्सफॉर्मर आणि विमानाचा भाग यांत मूलभूत फरक आहे. ट्रान्सफॉर्मर वजनाने मारतो, विमानाचा भाग आकाराने. स्पेस शटल या अमेरिकन अंतराळयानाची बाह्य इंधनटाकी सुमारे ४७ मीटर लांब आणि ८.४ मीटर व्यासाची, पण रिकाम्या टाकीचे वजन जेमतेम तीस टन. पूल तिला सहज पेलतो. तिला अडवतात त्या तारा, कमानी, फांद्या, सिग्नलचे खांब आणि वळणे.

आता माझे खरे दुखणे सांगतो. परवानगीच्या कागदावर पुलाखालची जी उंची लिहिलेली असते, ती बहुतेक वेळा पूल बांधला तेव्हाची असते. त्यानंतर रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात आणि उंची कमी होत जाते, पण फलक तोच राहतो. विजेच्या तारेचे तर याहून कठीण आहे: सकाळी थंड असताना मोजलेली तार दुपारी उन्हाने आणि विजेच्या भाराने तापून आणखी झोळ घेते. एका मार्गावर मी सकाळी मोजून 'जागा पुरेशी' असा शेरा दिला नाही, दुपारी पुन्हा मोजण्याचा आग्रह धरला, तर वाहतूक कंपनीच्या व्यवस्थापकाने वेळ वाया घालवतो म्हणून मला सर्वांसमोर सुनावले. दुपारी तीच तार इतकी खाली आलेली होती की वीजपुरवठा बंद करून ती उचलून धरावी लागली. वळणावर रस्त्याला जो आडवा उतार दिलेला असतो, त्यामुळे उंच माल आतल्या बाजूला कलतो आणि ज्या झाडाला तो सरळ रस्त्यावर लागला नसता त्याच झाडाला घासतो. लांब लो-बेड (जमिनीलगतच्या सपाट तळाचा) ट्रेलर रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर पोटावर टेकतो. हे सारे कोणी मोजायचे आणि त्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न सुटल्याशिवाय कारखाना कोठे असावा ही चर्चा मला निरर्थक वाटते.

पायलटगाडी

मोजपट्टी यांनी सर्वेक्षकांची बाजू मांडली, पण सर्वेक्षणाचा अहवाल हातात घेऊन रात्री दोन वाजता अंधारात ताफ्यापुढे गाडी चालवणाऱ्यांचे काय? माझ्या अनुभवात अहवाल अनेकदा ताफा निघण्याच्या कितीतरी आठवडे आधीचा असतो. एकदा अहवालात मोकळा दाखवलेल्या चौकात नवी कमान उभी राहिलेली आम्हाला आढळली. मागे पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) आणि हायड्रॉलिक अ‍ॅक्सलची लांबलचक रांग उभी, मागचे चाकवळण सांभाळणारा माणूस वायरलेसवर ओरडत आहे, आणि ताफ्याला मागे घेण्यासाठी जागा नाही. पहाट होईपर्यंत आम्ही तेथेच अडकलो आणि रस्ता अडवल्याचा दंड आमच्या नावावर लागला. सर्वेक्षकाला कोणी विचारलेसुद्धा नाही.

मोजपट्टी

आपल्यावर झालेला अन्याय मी नाकारत नाही, परंतु त्याचे खापर आमच्यावर फोडू नका. सर्वेक्षणाला मुदत असते हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असते, आणि मुदत उलटल्यावर ताफा काढायचा निर्णय आमचा नसतो. पुन्हा मोजणीचे पैसे वाचवण्यासाठी जुनाच अहवाल पुढे करणाऱ्यांना आपण एक शब्दही बोलला नाहीत, आणि उन्हातान्हात काठी घेऊन मैलोगणती चालणाऱ्याला मात्र दोषी ठरवलेत. हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते.

पायलटगाडी

मी कोणाला दोषी ठरवलेले नाही. दंड कोणी भरला एवढेच सांगितले आहे. नियम असा हवा की ताफा निघण्यापूर्वी चोवीस तासांच्या आत, उंचीची काठी लावलेली गाडी संपूर्ण मार्गावरून गेलीच पाहिजे, आणि त्या फेरीवर सर्वेक्षक, वाहतूकदार आणि परवानगी देणारा अधिकारी या तिघांच्याही सह्या असल्या पाहिजेत.

मोजपट्टी

तीन सह्यांची कल्पना योग्य आहे, हे मला मान्य करावे लागते. मात्र एकाच फेरीने भागणार नाही. ज्या तारांखाली अंतर कमी आहे, तेथे दिवसाच्या सर्वांत उष्ण वेळी दुसरी मोजणी हवी.

रस्त्याकडेचे घर

आपण सर्वजण तारा आणि सह्या यांवर भांडत आहात, आणि त्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाचा या धाग्यात कोणी विचारच करत नाही. २०१२ साली एंडेव्हर हे शटल लॉस एंजेलिसच्या विमानतळावरून कॅलिफोर्निया सायन्स सेंटरकडे नेताना सुमारे बारा मैलांच्या मार्गावर जवळजवळ चारशे झाडे तोडली गेली. त्या बदल्यात अधिक झाडे लावण्याचे वचन दिले गेले हे मला ठाऊक आहे. परंतु ज्याच्या दारासमोरची सावली गेली, त्याला रोप मोठे होईपर्यंत काय मिळते?

आमच्या रस्त्यावरून असा एक ताफा जायचा होता, तेव्हा ज्या फांद्या छाटण्याची नोटीस होती त्याहून दुप्पट छाटल्या गेल्या. माझ्या आईने लावलेले झाड एका बाजूने पूर्ण उघडे पडले आणि पुढच्याच वादळात ते कोसळले. मी पत्रे लिहिली; प्रत्येक कार्यालयाने दुसऱ्याकडे बोट दाखवले. धागाकर्त्यांनी ज्या सदस्याला उत्तर दिले, त्यांनी ते झाड पाहिले असते तर तक्रार करणे म्हणजे उद्योगाच्या वाटेत आडवे येणे, हे वाक्य त्यांनी लिहिले नसते.

जोडणीशाळा

आपल्या झाडाविषयी वाचून वाईट वाटले, आणि नोटिशीपेक्षा जास्त छाटणी होणे समर्थनीय नाही. तरीही एंडेव्हरचे उदाहरण येथे पूर्णपणे लागू होत नाही, कारण चोवीस मीटर पंखविस्ताराचे शटल एका तुकड्यात नेण्यावाचून पर्याय नव्हता, आणि ते बंदरातून नव्हे तर विमानाच्या पाठीवर आले होते. मोजपट्टी यांनी उल्लेखलेल्या टाक्यांपैकीच एक, ईटी-९४, २०१६ साली न्यू ऑर्लीन्सजवळच्या मिशूड कारखान्यातून बार्जने पनामा कालव्यातून लॉस एंजेलिसजवळच्या मरीना डेल रे बंदरात आली आणि तेथून सुमारे सोळा मैल रस्त्याने त्याच संग्रहालयात गेली. ती शटलपेक्षा अरुंद असल्यामुळे तशी वृक्षतोड करावी लागली नाही. आधी नीट आखणी केली तर बंदरापासून आत जाणे शक्य असते, हेच यातून दिसते.

पायलटगाडी

एंडेव्हरबाबत आणखी एक गोष्ट नोंदवतो, कारण 'आकार मारतो, वजन नाही' हे मोजपट्टी यांचे विधान अर्धेच खरे आहे. महामार्गावरील एका पुलावर शटल आणि त्याखालचे स्वतःच्या इंजिनाने चालणारे, अनेक चाकांचे मॉड्युलर वाहन यांचे एकत्रित वजन चालणार नव्हते, म्हणून ते हलक्या ट्रॉलीवर चढवून एका साध्या पिकअप ट्रकने ओढून पलीकडे नेले गेले. माल हलका असला तरी त्याखालच्या चाकांचे वजन पुलाला मोजावेच लागते.

किनारपट्टी

जोडणीशाळा यांनी म्युलेनबर्गर लोखचा मुद्दा काढला तो गंभीर आहे, आणि किनारा म्हणजे मोकळी जागा असे मानून चालणार नाही, एवढे मी मान्य करतो. परंतु त्यांच्या कुशल हातांच्या युक्तिवादाने माझे समाधान झालेले नाही. मोबीलमध्ये ते हात नव्याने शिकवले गेलेच ना?

जेम्स वेब ही अंतराळ दुर्बीण २०२१ साली कॅलिफोर्नियातून पनामा कालव्यातून जहाजाने फ्रेंच गयानातील पारियाकाबो बंदरात आणली गेली. ती विमानाने न आणण्याचे एक कारण असे होते की विमानतळापासून कुरू या उड्डाणस्थळापर्यंतच्या रस्त्यावरील पूल तिचा भार पेलू शकले नसते. तेथे कोणी रस्ता बदलण्याचा हट्ट धरला नाही. बंदर उड्डाणस्थळाजवळ होते म्हणून समुद्राचा मार्ग निवडला. स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा व्यास सुमारे ३.७ मीटर ठेवला गेला तो रस्त्याने नेता यावा म्हणून. दोन्ही ठिकाणी मार्गाचा विचार आधी झाला. ए३८० मध्ये भागांचे आकार आणि तुलूजची जागा हे दोन्ही आधी ठरले आणि २४० किलोमीटरच्या प्रदेशाला त्याप्रमाणे वाकावे लागले, हा माझा आक्षेप कायम आहे.

जोडणीशाळा

मार्गाचा विचार आराखड्याच्या टेबलावरच व्हावा, इथपर्यंत मी आपल्याबरोबर येतो. त्यापुढे नाही. प्रत्येक भाग फाल्कनसारखा रस्त्याच्या मापात बसवायचा ठरवले, तर सांधे वाढतात, सांध्यांबरोबर वजन वाढते आणि ते वजन विमान आयुष्यभर वाहते. तो खर्च आपण कोणाच्या नावावर लिहिणार आहात?

रस्त्याकडेचे घर

आणि झाडाचा? पायलटगाडी यांच्या तीन सह्यांमध्ये चौथी सही त्या रस्त्यावरील रहिवाशांच्या प्रतिनिधीची असावी आणि छाटणी त्याच्यासमोर व्हावी, एवढे तरी कोणी मान्य करील का?

मोजपट्टी

मी करतो. मात्र त्या प्रतिनिधीने दुपारच्या मोजणीलाही हजर राहावे.