छताला नवे भोक न पाडता आडोसा

मीरा : सर्वांना नमस्कार. बोटीच्या मागच्या बैठकीवर आपण कॅनव्हासचे छत आणि त्याला चेनने (झिपने) जोडलेल्या पारदर्शक खिडक्या बसवून घेतल्या, त्यामुळे वारा आणि पाऊस उत्तम अडतो. परंतु रात्री धक्क्याला बोट बांधून आत दिवा लावला की शेजारच्या बोटींना आपण काचेच्या पेटीतल्या माशांसारखे दिसतो. कपडे बदलायचे तर दिवा मालवून चाचपडावे लागते. रात्री लावता येतील आणि सकाळी काढून ठेवता येतील असे पडदे या खिडक्यांना आतून कसे अडकवावेत, याविषयी प्रत्येकाने आपले मत द्यावे, अशी विनंती आहे. खिडक्या एकूण सात आहेत : दोन्ही बाजूंना तीन-तीन आणि मागे एक.

अभय : मागच्या सहलीत मी रबरी वाट्या चिकटवून चादर टांगली होती, हे सर्वांच्या लक्षात असेलच. त्या वाट्या काचेसारख्या कडक आणि सपाट पृष्ठभागावर टिकतात, पण आपल्या खिडक्या मऊ प्लास्टिकच्या आहेत आणि बोट हलली की त्या श्वास घेतल्यासारख्या आतबाहेर फुगतात, त्यामुळे मध्यरात्री चादर काकांच्या तोंडावर पडली. या वेळी मला लोहचुंबक सुचवावेसे वाटतात. पडद्याच्या काठात लहान चकत्या शिवायच्या आणि बाहेरच्या बाजूने दुसरी चकती लावायची. त्यासाठी कुठेही टाका घालावा लागणार नाही.

सुहासकाका : अभय, चादरीबद्दल माझी तक्रार नाही, चुंबकांना मात्र माझा ठाम विरोध आहे. सुकाणूजवळच्या फळीवर कोणीतरी चुंबकाच्या झाकणाची पिशवी ठेवली होती, त्या दिवशी आपले होकायंत्र बरेच सरकलेले होते आणि मी समोरच्या दीपस्तंभाकडे पाहून दिशा ताडली नसती तर चूक कळायलाही वेळ लागला असता. चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो, हे मला मान्य आहे. पण काढलेले पडदे घाईत कोण कुठे टाकेल याचा नेम नसतो, आणि ती जागा नेमकी होकायंत्राशेजारची निघते.

दुसरी अट अशी की छताच्या कापडाला नवे भोक पडता कामा नये. हे अॅक्रिलिकचे विणलेले कापड आहे. त्याची वीण आणि त्यावरचा पाणी झटकणारा लेप या दोहोंच्या जोरावर ते पाणी अडवते. ताणलेल्या छताच्या मध्यावर सुई घातली की ते भोक ताणाने रुंदावत जाते, दोरा पाणी ओढतो, आणि थेंब बरोबर झोपलेल्या माणसावर पडतो.

मीरा : मग टिचबटणे कशी वाटतात? खिडक्यांच्या खालच्या काठाला ती आहेतच आणि इतकी वर्षे नीट चालली आहेत.

सुहासकाका : टिचबटणाचे चार भाग असतात. कापडाच्या एका बाजूला टोपी व तिच्या मागे वाटी, आणि जिथे ते बसायचे तिथे घुंडी व तिला धरून ठेवणारी कडी. म्हणजे घुंडीसाठी छतात भोक आलेच. बोटीच्या अंगात स्क्रूची घुंडी बसवायची म्हटली, तर दर पडद्याला चार घुंड्या धरल्या तरी अठ्ठावीस भोके झाली, आणि प्रत्येकात पाणी रोखणारा मसाला नीट भरला नाही तर आतले लाकूड ओलावते. शिवाय बटण उघडताना आपण बटणाला न धरता कापडाला धरून ओढतो, हे मी या घरात सर्वांना सांगून थकलो आहे. नव्या पातळ पडद्याला दुहेरी कापडाचे अस्तर न देता बटण ठोकले, तर दहाव्या रात्री बटण घुंडीवर राहील आणि पडदा हातात येईल.

अभय : छताच्या सांगाड्याला स्टीलच्या नळ्या आहेतच. पडद्याला वरून पट्ट्या शिवून त्या नळीभोवती गुंडाळल्या, तर छताला हात लावण्याचीही गरज पडणार नाही.

सुहासकाका : मागच्या खिडकीपुरते ते उत्तम आहे, कारण तिच्या वरच्या काठालगत नळी आडवी जाते. बाजूंना मात्र नळ्यांच्या कमानी बोटीच्या आडव्या रुंदीत आहेत. एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत खिडकीच्या माथ्यावर नुसते कापड आहे. तिथे लवचीक दोरी ताणून पडद्याला नेफा करता येईल. ती दोरी मध्ये झोळ खाते आणि तेवढ्या फटीतून दिवा दिसतो, हा तिचा दोष आहे.

नलूआत्या : दिवसभर शिवणाच्या मशीनवर होते, आता सगळे वाचले. सुहासचे म्हणणे बरोबर आहे, पण भोके मोजण्याआधी जी भोके आधीच पडलेली आहेत त्यांच्याकडे कोणी पाहिले का? छताच्या काठाखाली आतल्या बाजूला, जिथे खिडकीची चेन जोडलेली आहे, तिथे चेनची फीत आणि कापडाची दुमड मिळून साधारण दोन बोटे रुंदीची एक झालर खाली लोंबते. ही झालर छताच्या ताणात नाही आणि पाण्याच्या वाटेतही नाही. वरून येणारे पाणी बाहेरच्या पन्हळीवरून निघून जाते. या झालरीवर आधीच शिवण आहे. त्याच शिवणीच्या भोकांतून, हाताने, वेल्क्रोची पट्टी टाचली तर छताला एकही नवे छिद्र पडत नाही. मशीन मारली तर सुई जुन्या भोकात बसेलच असे नाही, म्हणून वेळ लागला तरी हातशिलाईच करावी लागेल. दोरा पॉलिएस्टरचाच हवा, उन्हाला टिकणारा आणि जाड. सुती दोरा ऊन आणि ओल खाऊन कुजतो, आणि मग पट्टी शाबूत राहते पण शिवण उसवते.

मीरा : आत्या, वेल्क्रोचा कोणता भाग छताकडे शिवावा? मला दोन्ही सारखेच वाटतात.

नलूआत्या : तिथेच बहुतेकांची चूक होते. कायम राहणारा भाग मऊ, लोकरीसारखा असावा, आणि आकड्यांचा खरखरीत भाग पडद्याकडे जावा. याचे कारण असे की दिवसा खिडकी गुंडाळून वर बांधली की तिचे प्लास्टिक नेमके त्या झालरीवर टेकते, आणि आकडे तिथे असतील तर महिनाभरात खिडकीवर ओरखड्यांची रांगोळी उमटते. शिवाय आकडे केस, दोऱ्याचे तंतू आणि धूळ गोळा करतात. पडद्याकडे असले तर घरी आणून दाढीच्या जुन्या ब्रशने साफ करता येतात. पडदे घडी करून ठेवताना आकड्यांच्या पट्टीवर मऊ पट्टीचा एक सुटा तुकडा चिकटवून ठेवायचा, म्हणजे ती स्वतःच्याच कापडाला ओरबाडत नाही. स्वित्झर्लंडच्या ज्या जॉर्ज द मेस्ट्राल यांनी ही युक्ती शोधली, त्यांना ती 1941 मध्ये फिरून आल्यावर कपड्यांना आणि कुत्र्याच्या अंगाला चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. पावसाळ्यानंतर कुत्र्याच्या अंगावरची बोंडे ज्याने उपटली आहेत, त्याला हे आकडे किती धरून ठेवतात ते सांगायला नको.

अभय : खालच्या काठालाही वेल्क्रो लावून चारही बाजू बंद कराव्यात का?

नलूआत्या : नको. वरचा काठ सलग, आणि खाली फक्त दोन कोपऱ्यांत लवचीक दोरीची फासकी. ती खिडकीच्या खालच्या टिचबटणांच्या घुंड्यांभोवती अडकतील. खाली बांधल्याशिवाय चालणार नाही, कारण घरातला पडदा स्थिर भिंतीला टांगलेला असतो आणि बोटीतला पडदा नांगर टाकल्यावरही लंबकासारखा हलत खिडकीवर घासत राहतो. पण चारही बाजू बंद केल्या तर पडदा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये रात्रभर श्वासांची वाफ साचते. ती ओल तशीच राहिली की सकाळी प्लास्टिक दुधाळ दिसते आणि कापडावर बुरशीचे ठिपके येतात.

कापड पातळ पॉलिएस्टर घ्यावे, सुती घेऊ नये. सुती कापड ओले झाले की जड होते, आटते आणि दोन दिवस वाळत नाही. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडालेला पडदा गोड्या पाण्यात खळबळून काढल्याशिवाय ठेवू नये, कारण कापडात राहिलेले मीठ हवेतला ओलावा ओढत राहते आणि पडदा कधीच पुरता कोरडा होत नाही.

केतकी : आत्या, पडद्यांना चुण्या ठेवणार आहेस का? आणि रंग गडद घ्यावा असे मला वाटते.

नलूआत्या : चुण्या शोभेला बऱ्या, पण सात पडद्यांच्या चुण्या कोणत्या पेटीत मावणार? पडदा सपाट ठेवायचा. फक्त प्रत्येक बाजूला चार-पाच सेंटिमीटर जास्त घ्यायचे, म्हणजे शेजारचे दोन पडदे एकमेकांवर चढतील आणि चेनच्या रेषेतून उजेड गळणार नाही. रंगाचे मात्र सांभाळून ठरवावे लागेल. गडद कापडातून सावली दिसत नाही, पण दिवसा ते खिडकीला चिकटून राहिले तर उन्हात तापते आणि मऊ प्लास्टिकवर कायमचे डाग पडतात. बाहेरून फिका आणि आतून गडद असा दुपदरी पडदा केला तर दोन्ही साधते. जाडी थोडी वाढेल.

केतकी : माझा मुद्दा आडोशाचा नसून हवेचा आहे, आणि तो मी हट्टाने मांडणार आहे. पडदे लावल्यावर थंडीत कोणी तरी खिडक्याही घट्ट बंद करील आणि बॅटरी भरण्यासाठी इंजिन चालू ठेवील, अशी मला भीती वाटते. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट अधिक घट्ट चिकटतो. मागून निघालेला धूर कॅनव्हासच्या आत ओढला जाऊन साचू शकतो, आणि शेजारच्या बोटीचे इंजिन चालू असेल तरी तेच घडू शकते. डोके दुखणे आणि मळमळणे या खुणांना लोक बोट लागली असे समजतात. म्हणून पडदे लावलेले असताना इंजिन आणि जनित्र बंद ठेवावे, शेगडी पेटवू नये, आणि या वायूची सूचना देणारे यंत्र झोपण्याच्या जागेत चालू असावे.

सुहासकाका : केतकीचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याला मी माझी एक अट जोडतो. बोट सुटण्यापूर्वी सातही पडदे पेटीत गेलेले असतील, एकही अर्धवट वर गुंडाळलेला नसेल. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत नीट टेहळणी ठेवायला सांगतो. ‘फक्त मागचा राहू दे, डोळ्यांवर ऊन येते’ ही सबब त्यात बसत नाही.

मीरा : मग आत्यांची पद्धत ठरली, असे मी धरते. मापे शनिवारी घेऊ.

नलूआत्या : मापे फीत लावून घेऊ नका, आराखडा काढा. छत पूर्ण ताणलेले आणि सर्व चेनी बंद असताना खिडकीवर आतून पारदर्शक प्लास्टिकचा कागद धरा आणि काठावरून खुणेच्या पेनाने रेघ मारा. कमानी तिरक्या आहेत, त्यामुळे चौकोनी दिसणारी एकही खिडकी खरी चौकोनी नाही. प्रत्येक कागदावर खिडकीचा क्रमांक, वरची बाजू, आतली बाजू आणि नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेचा बाण काढा.

अभय : आत्या, एक कबुली द्यायची आहे. उजव्या बाजूचे तीन आराखडे नीट काढले, आणि डावीकडची बाजू तशीच असणार म्हणून त्याच कागदांवरून डावे पडदेही कापले. दोन्ही बाजू आरशातल्या प्रतिबिंबासारख्या असतात, हे पहिला पडदा लावताना कळले : कापड दुपदरी असल्याने तो उलटा करून लावला तर गडद बाजू बाहेर जाते.

नलूआत्या : बाण काढायला सांगितला होता तो याचसाठी. तीनही पडदे माझ्याकडे पाठव, पदर उसवून उलटे जोडून देते. उरलेल्या कापडाला हात लावू नकोस.

मीरा : काल रात्री सातही पडदे प्रथमच लावले. आत दिवा लावून मी स्वतः धक्क्यावर जाऊन उभी राहिले आणि अभयला आत उभे राहून हात हलवायला सांगितले. सहा खिडक्यांतून काहीच दिसले नाही, सावलीही नाही. उजवीकडच्या तिसऱ्या खिडकीच्या मागच्या कोपऱ्यात, चेनची ओढणी जिथे थांबते तिथे, वेल्क्रोची पट्टी चार बोटे आधीच संपते आणि तेवढ्या जागेतून उजेडाची उभी चीर दिसते. सकाळी सगळे पडदे काढायला आम्हा दोघांना तीन मिनिटे लागली. पडद्यांवर आतून दव होते, म्हणून ते तासभर दोरीवर वाळवून मग पेटीत ठेवले.

नलूआत्या : पट्टी मुद्दाम तिथे संपवली आहे, नाहीतर चेनची ओढणी तिच्यात अडकली असती. त्या कोपऱ्यावर पडद्यालाच एक लहान जीभ शिवून देते, ती शेजारच्या पडद्यामागे खोचता येईल. येताना तो एकच पडदा आण, बाकीचे बोटीवरच राहू देत.