घरी जमून ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची तुलना करायची आहे. बैठक कशी आखावी?

खर्जप्रेमी (पुणे)

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमच्या कोथरूडच्या घरी पाच-सहा ध्वनिप्रेमी मित्र जमणार आहोत. एकाकडे ईएल ३४ व्हॉल्व्हचा (काचेच्या तापणाऱ्या दिव्यांचा) साधारण ३५ वॅटचा ॲम्प्लिफायर आहे, माझ्याकडे ६० वॅटचा जुना ट्रान्झिस्टरचा आहे आणि तिसरा मित्र क्लास डी प्रकारातला तळहाताएवढा ॲम्प आणणार आहे. स्पीकरच्या जोड्या दोन आहेत. बुकशेल्फ जोडीची संवेदनशीलता (ठरावीक वीज दिल्यावर मिळणारी आवाजाची पातळी) ८४ डेसिबल आहे, तर जमिनीवर उभ्या राहणाऱ्या जोडीची ९० डेसिबल. खोली १२ फूट बाय १० फूट असून खाली व्हिट्रिफाइड फरशी आणि एका बाजूला सरकती काचेची खिडकी आहे.

अशा बैठकांत बहुधा असे होते की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी ठामपणे एक मत मांडतो आणि उरलेली दुपार सगळे त्याच मताच्या अवतीभवती बोलत राहतात. ते टाळून आपल्या कानांना खरोखर काय ऐकू येते हे मला समजून घ्यायचे आहे. तुलना कोणत्या क्रमाने करावी, आवाजाची पातळी सारखी कशी राखावी आणि कोणते संगीत निवडावे, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मिलिव्होल्ट (ठाणे)

सर्वांत आधी ॲम्पची तुलना आणि स्पीकरची तुलना या दोन वेगळ्या बैठका समजाव्यात, मग त्या एकाच दिवशी का होईनात. स्पीकर आणि खोली यांमुळे पडणारा फरक इतका मोठा असतो की दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर ॲम्पचा वाटा कोणालाही वेगळा काढता येणार नाही. एक जोडी ठरवून ती जागची न हलवता तिन्ही ॲम्प तिच्यावरच ऐकावेत.

पातळीबाबत मात्र तडजोड करू नये. दोन ॲम्पमध्ये अर्ध्या डेसिबलचा फरक असला, तरी तो आवाज वाढल्यासारखा न वाटता ‘जास्त मोकळा’ किंवा ‘जास्त जिवंत’ असा जाणवतो. मोबाइलमधील ध्वनिमापक ॲप या कामासाठी पुरेसे अचूक नसते. साधा मल्टिमीटर घ्यावा, ४०० हर्ट्झचा एकसुरी संकेत वाजवावा आणि स्पीकर जोडलेला असतानाच त्याच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजावे. संकेत ४०० हर्ट्झचाच घ्यावा, कारण स्वस्त मीटर त्यापुढच्या कंप्रतेवर चुकू लागतात. २ व्होल्टच्या आसपास पातळी ठरवली, तर ०.१ डेसिबल म्हणजे साधारण ०.०२ व्होल्ट, आणि तेवढ्या मर्यादेत तिन्ही ॲम्प आणणे कठीण नाही. डावी आणि उजवी बाजू स्वतंत्रपणे मोजावी, कारण जुन्या व्हॉल्यूम कंट्रोलच्या दोन बाजू क्वचितच तंतोतंत जुळतात. मोजताना मीटरच्या दोन टोकांचा एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये. तेवढ्याने ॲम्प जळू शकतो.

व्हॉल्व्हच्या ॲम्पला अर्धा तास तापू द्यावे. तो चालू असताना स्पीकरची वायर मुळीच काढू नये, कारण भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरला इजा होण्याचा धोका असतो. ॲम्प दिसू नयेत म्हणून पुढे चादर टांगणार असाल, तर ती व्हॉल्व्हपासून हातभर लांब ठेवावी आणि वरून हवा खेळती राहू द्यावी.

पातळी जुळवूनही व्हॉल्व्हचा ॲम्प वेगळा वाटला, तर तो भास आहे असे लगेच म्हणू नये. अशा ॲम्पची आउटपुट इम्पिडन्स (बाहेर पडणाऱ्या विजेला होणारा अंतर्गत अवरोध) २ ओहम असू शकते. स्पीकरची इम्पिडन्स मात्र कुठे ४ ओहमपर्यंत उतरते, तर खर्जातल्या अनुनादापाशी (ज्या कंप्रतेला स्पीकर आपसूक जास्त थरथरतो तेथे) ३० ओहमपर्यंत चढते. हिशेब केला तर या दोन ठिकाणच्या पातळीत जवळजवळ ३ डेसिबलचा फरक पडतो आणि तो कोणालाही ऐकू येतो. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये हाच फरक ०.१ डेसिबलच्या आसपास राहतो. म्हणून ‘व्हॉल्व्हचा आवाज’ हा बराचसा त्या ॲम्पचा आणि त्या विशिष्ट स्पीकरचा मिळून घडलेला आवाज असतो.

जवारी (सांगली)

संगीताच्या निवडीबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे. परदेशी चाचणी-तबकड्यांवरचे गिटार आणि झांजा ऐकून आपले मत बनवू नये. ज्या वाद्याचा खरा आवाज आपल्या कानांत मुरलेला आहे, तेच निवडावे, आणि माझ्या मते तानपुऱ्याइतके कठोर परीक्षक वाद्य दुसरे नाही. काळी एकला लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झच्या जवळपास असतो, पण आपण ज्याला जवारी म्हणतो ती तारेची गुंजणारी झळाळी सगळी वरच्या स्वरांशांत असते. घोडीवरचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवला, तरी नाद बंद होतो किंवा उघडतो. तो उघडलेला नाद एखाद्या स्पीकरवर पत्र्यासारखा कर्कश झाला किंवा नुसती घरघर उरली, तर त्या स्पीकरच्या वरच्या पट्टीत दोष आहे असे समजायला हरकत नाही.

मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या गावाच्या शेजारीच मी राहतो. कोणाकडे तानपुरा असेल, तर तो बैठकीत अवश्य आणावा, जुळवून पाच मिनिटे त्याच खोलीत छेडावा आणि मगच ध्वनिमुद्रण लावावे. मुद्रणातला तानपुरा वेगळा असणार हे उघड आहे, तरीही कान जागेवर येतात. जोडीला डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड असलेला एखादा तबल्याचा तुकडा ठेवावा, कारण खर्ज सैल आहे की आटोपशीर, हे तेथे लगेच कळते.

घुमट (नाशिक)

खोलीच्या १२ फुटांच्या लांबीला पहिला अनुनाद (भिंतींमध्ये घुमून वाढणारा स्वर) ४७ हर्ट्झच्या आसपास येतो. त्या स्वरासाठी भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला खर्ज भरभरून ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध बसलेल्याला तो जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे एकाच वेळी एकाच खोलीत पाच जण पाच वेगळे स्पीकर ऐकत असतात आणि वाद घालतात. म्हणून एकच खुर्ची ठरवावी आणि प्रत्येकाने तेथे आळीपाळीने बसावे. फरशीवर जाड सतरंजी अंथरावी, काचेवर जाड पडदा ओढावा आणि ऐकताना पंखा बंद ठेवावा; पंख्याच्या घरघरीत सूक्ष्म तपशील बुडून जातात.

स्पीकरची तुलना करताना दोन्ही जोड्यांमधला एकेकच स्पीकर घेऊन मोनोमध्ये ऐकावे. स्टिरिओचा देखणा पसारा बरेच दोष झाकतो. दोन्ही स्पीकर आळीपाळीने अगदी त्याच जागी ठेवावेत आणि न वाजणारा खोलीबाहेर न्यावा. ८४ आणि ९० डेसिबलमधले अंतर भरून काढायला पहिल्याला चौपट वॅट द्यावे लागतात, हे ध्यानात ठेवून येथेही पातळी जुळवावी. कोणता स्पीकर वाजतो आहे हे दिसू देऊ नये. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले की तेच श्रोते तेच स्पीकर पाहून ऐकतात तेव्हा वेगळी पसंती देतात आणि न पाहता ऐकतात तेव्हा वेगळी, आणि सरावलेले श्रोतेही याला अपवाद नसतात.

संथलय (बेळगाव)

वरील सर्व सूचनांचा आदर राखून मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. अर्ध्या मिनिटाचे तुकडे आलटून पालटून ऐकल्याने दोन यंत्रांतला फरक कळतो, पण एखादे यंत्र घरात नांदेल की नाही, हे कळत नाही. विलंबित ख्याल पाऊण तास ऐकल्यानंतर कान थकतात की आणखी ऐकावेसे वाटते, ही कसोटी त्या तुकड्यांत बसत नाही. शक्य असल्यास प्रत्येक ॲम्प मित्रांनी पंधरा-पंधरा दिवस आपापल्या घरी ठेवावा.

मिलिव्होल्ट (ठाणे)

संथलय यांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र पंधरा दिवसांच्या ऐकण्यातही ॲम्प झाकलेला असावा आणि पातळी मोजून ठरवलेली असावी, नाहीतर किंमत आणि दिव्यांची ऊब हीच ऐकली जाते.

बैठकीतल्या निकालाबद्दल एक खबरदारी घ्यावी. न पाहता ॲम्प ओळखण्याच्या १० फेऱ्या घेतल्या, तर निव्वळ अंदाजाने ८ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता एका माणसासाठी साडेपाच टक्के असते. पाच जण असतील, तर त्यांपैकी कोणाला तरी तसे यश मिळण्याची शक्यता जवळजवळ चारात एक होते. म्हणून ज्याला ८ मिळाले त्याचे कौतुक करण्याआधी त्याच्याकडून आणखी १० फेऱ्या करून घ्याव्यात. प्रत्येकाने आपले मत आधी कागदावर लिहावे आणि सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणीही बोलू नये, ॲम्प बदलणाऱ्याने तर मुळीच नाही.

खर्जप्रेमी (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तानपुऱ्याची सोय होईल, धाकट्या बहिणीकडे आहे. एक शंका उरते. झटकन बदल करता यावा म्हणून बाजारात मिळणारी स्पीकर सिलेक्टरची डबी वापरली तर चालेल का?

मिलिव्होल्ट (ठाणे)

डबी उघडून पाहिल्याशिवाय वापरू नये. स्वस्त डब्यांत सगळ्या ॲम्पच्या उणे तारा आतून एकत्र जोडलेल्या असतात. आपल्या मित्राचा छोटा क्लास डी ॲम्प बहुधा ब्रिज पद्धतीचा असेल. तशा ॲम्पच्या उणे टोकावरही संकेत असतो आणि ते टोक दुसऱ्या ॲम्पच्या ग्राउंडला जोडले गेले, तर तो तत्काळ निकामी होऊ शकतो. दोन्ही बाजूंच्या अधिक आणि उणे अशा चारही तारा तोडणारा, आधी तोडून मग जोडणारा, किमान १० अँपिअरचा रोटरी स्विच घ्यावा. व्हॉल्व्हच्या ॲम्पचा स्पीकर सुटेल तेव्हा त्याच्या प्रत्येक बाजूला ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर भार म्हणून राहील अशी जोडणी करावी. एवढे जमणार नसेल, तर ॲम्प बंद करून बनाना प्लग हाताने बदलावेत; फेऱ्या कमी होतील, पण यंत्रे सुखरूप राहतील.