ए.ए.च्या मीटिंगला पहिल्यांदा जायचंय, पण कसं?

सातपूरकर
मंडळी, वय ४१. एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. रोजची क्वार्टर आता पुरत नाही. सकाळी ड्युटीला निघण्याआधी थोडी घ्यावीच लागते, नाहीतर व्हर्नियर धरताना हात हलतो. बायकोने ए.ए.चं, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चं, नाव काढलं. नेटवर पत्ते सापडतात, पण चालू कुठला आणि बंद कुठला ते कळत नाही. गेल्यावर सगळ्यांसमोर उभं करून बोलायला लावतात का? शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याचं काय? आणि कंपनीतलं कुणी तिथं दिसलं तर?

जुना_भिडू
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच खरा. दिसू शकतं. मला आमच्याच डेपोतला मेकॅनिक दिसला होता. दोघंही भिंतीवरचा पाचवीच्या अपूर्णांकांचा तक्ता वाचत बसलो. त्यानंतर डेपोत त्याने कधी चकार शब्द काढला नाही, मीही नाही. तिथलं तिथंच राहतं.

आता पत्ता. नेटवर सापडलेल्या पत्त्यावर थेट जाऊ नका. बहुतेक ग्रुप शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल असल्या जागी संध्याकाळी भरतात. परीक्षा आल्या, शाळा रंगवायला काढली, की जागा बदलते. आधी ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन करा. मोठ्या शहरांत इंटरग्रुप, म्हणजे तिथल्या सगळ्या ग्रुपचं मिळून ऑफिस असतं, त्यांच्याकडे वार-वेळेची ताजी यादी मिळते. फोनवर बोलणारा बहुतेक आपल्यातलाच, दारू सोडलेला असतो, त्यामुळे लाजू नका. मीटिंग ओपन (घरचे, बाहेरचेही येऊ शकतात) की क्लोज्ड (फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी) आणि बोलणं मराठीत चालतं की हिंदीत, एवढं विचारून घ्या. ‘मी गेटवर थांबतो’ असं तो म्हणाला तर नको म्हणू नका. अंधाऱ्या पॅसेजमध्ये वर्ग शोधता शोधता कितीतरी जण तसेच परत फिरतात, तिथून देशी दारूचं दुकान लवकर सापडतं.

आत गेलात की मागच्या बाकावर बसा. आधी प्रस्तावना वाचतात, मग एकेक जण ‘मी अमुक, अल्कोहोलिक’ म्हणून आपलं शेअरिंग करतो. मध्ये कुणी तोडत नाही, उपदेश करत नाही. तुमची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणा, पुढचा बोलायला लागतो. फी नाही, आधार कार्ड नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यातून भाडं आणि चहा निघतो. नवख्याने टाकलंच पाहिजे असं काही नाही. बाहेरच्याची देणगी ए.ए. घेत नाही. आमच्याकडे एक माजी नगरसेवक पंखे द्यायला आले होते, हात जोडून परत पाठवलं. उन्हाळ्यात त्यावरून अजून कुरकुर चालते.

शिफ्टची काळजी सोडा. एकाच ग्रुपला बांधून घ्यावं लागत नाही. वेगवेगळे ग्रुप वेगवेगळ्या वारी भरतात, जमेल तिथं जा. घराजवळ जायचा संकोच वाटत असेल तर मुद्दाम लांबचा ग्रुप धरा. ऑनलाइन मीटिंगाही असतात, पण पहिली शक्यतो समोरासमोर बसून करा. मीटिंग संपल्यावर चहाला थांबा. फोन नंबर तिथंच मिळतात, आणि रात्री अकराला तलफ आली की तेच उपयोगी पडतात.

तर्कट
शेवटी हे देवाधर्माचंच ना? मी एकदा बसलो होतो, प्रार्थना सुरू झाली तसा उठलो.

जुना_भिडू
ए.ए.चा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, त्यांत ईश्वर आहे, खोटं कशाला सांगू? १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही पिण्याने बुडालेले, एकमेकांशी बोलत बसले, तिथून हे सुरू झालं. भाषा त्या काळाची आहे. पण ईश्वर म्हणजे ज्याला जसा उमगेल तसा. आमच्यातला एक पक्का नास्तिक प्रार्थनेच्या वेळी कपबश्या गोळा करतो, कुणी काही म्हणत नाही. सभासद व्हायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा.

वॉर्डातली_सिस्टर
सातपूरकर, सकाळी हात हलतो हे वाचलं म्हणून लिहिते. मीटिंगच्या उत्साहात एकदम बंद करू नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारवाल्या डॉक्टरांना दाखवा. ते औषधं देऊन सुरक्षितपणे उतरवतात. ए.ए.त डॉक्टरही नसतो आणि गोळ्याही नसतात. दोन्ही बरोबर चालू शकतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६.

येरवड्याची_वहिनी
आणि वहिनींना सांगा, जाहिरातीतली दारू सोडवायची पावडर गुपचूप चहात घालू नका. आमच्या सासूबाईंनी घातली होती, ह्यांना रात्रीत अ‍ॅडमिट करावं लागलं. त्यांनी स्वतःसाठी अल-अनॉन शोधावं, ते घरच्यांसाठी आहे, नवरा पीत असला तरी जाता येतं. पुण्यात मुक्तांगणमध्ये, हे १९८६ पासूनचं व्यसनमुक्ती केंद्र, बायकांसाठी सहचरी गट आहे. मी तिथे पहिल्यांदा झोपेबद्दल बोलले. नवऱ्याबद्दल नाही, माझ्या झोपेबद्दल.

सातपूरकर
सिस्टर, उद्या सुट्टी टाकून सिव्हिलला जातो. फोनही केला. गुरुवारी संध्याकाळची मीटिंग आहे, ओपन आहे म्हणाले. बायको यायचं म्हणतेय. आणू का?

जुना_भिडू
ओपन असेल तर आणा. पण बाकावर शेजारी बसवू नका. तुम्ही काय ऐकताय यापेक्षा त्या तुमच्याकडे कशा बघतायत, त्यातच तुमचा वेळ जाईल.