अनुभव धागा: ब्लॉक करताना आणि ब्लॉक झाल्यावर

निवडुंग
मंडळी, मी विकिपीडियासारख्या एका विकीवर ७ वर्षं प्रचालक (देखरेख करणारा सदस्य) आहे. सदस्याचं संपादन रोखणारं ब्लॉकचं बटण क्षणात दाबलं जातं, पण त्याची नोंद सदस्याच्या नावावर कायम राहते. म्हणून हा धागा. तुम्ही कुणाला ब्लॉक केलं असेल किंवा तुम्हाला कुणी केलं असेल, दोन्ही लिहा. समोरच्याचं नाव मात्र नको.

सुरुवात मीच करतो. मराठी भाषा गौरव दिनाला एका कॉलेजात विकी कार्यशाळा होती, मला पत्ताच नव्हता. एका नव्या खात्यानं वर्तमानपत्रातला अख्खा लेख जसाच्या तसा डकवला. दोनदा उलटवला, म्हणजे तो बदल काढून टाकला, तिसऱ्यांदा ब्लॉक केलं. ऑटोब्लॉकची (त्या खात्याचा आयपी, म्हणजे इंटरनेट पत्ता, आपोआप रोखण्याची) खूण तिथे आधीच असते, ती मी काढली नाही. त्याच आयपीवरची सगळी लॅब २४ तासांसाठी अडकली. संध्याकाळी एका मुलीचा ईमेल: "सर, मी आमच्या गावच्या बारवेवर लिहीत होते. माझं काय चुकलं?" ब्लॉक काढला, माफी मागितली. बारवेचा लेख अजून झालेला नाही.

गवतीचहा
मी ब्लॉक झालेली. ज्या प्रचालकाशी एका लेखावरून वाद चालू होता, त्यानंच महिनाभर ब्लॉक केलं. कारण एका शब्दात: "उत्पात". माझं चर्चापानही (सदस्याशी बोलायचं पान) बंद, मग दाद मागायची कुठे? इंग्रजी विकिपीडियावर नियम आहे, स्वतःच्या वादात स्वतः ब्लॉक करायचं नाही, दुसऱ्या प्रचालकाला सांगायचं. संदर्भ दिले होते हो मी, पान क्रमांकासकट! तो शब्द फार लागला.

पारंबी
शाळेच्या आयपीवरून शिव्या यायच्या तेव्हा एका जुन्या प्रचालकांनी सांगितलं, ३१ तासांचा ब्लॉक लाव. २४ लावलेस तर दुसऱ्या दिवशी त्याच तासाला पोरं हजर. आणि आयपीला कायमचा ब्लॉक नकोच, उद्या तो भलत्याच कुणाकडे जातो.

रानजाई
आमच्याकडे एक आजोबा आहेत. बाकी काम उत्तम, पण एका संतांच्या पानावर अडून बसायचे. तिघांनी पूर्ण ब्लॉक मागितला. मी आंशिक लावला: तेवढंच पान, दोन आठवडे, त्या लेखाचं चर्चापान उघडं. आजोबा तिथे रोज संदर्भ आणून ठेवायचे. दोन आम्ही लेखात घेतलेही.

निवडुंग
गवतीचहाताई, कारणाच्या जागी काय लिहिलेलं तुम्हाला पटलं असतं?

गवतीचहा
"दिवसात चार वेळा उलटवलंत, आधी चर्चा करा." ते खरं होतं. मी थांबले असते.